रुईच्या वाट्याची हळद

माझी दोन लग्नं झाली. पहिल्या लग्नात मी झोपेत होते आणि दुसऱ्यात पुरती जागी. पहिल्या वेळी अक्षता पडत होत्या तेव्हा मी मामाच्या खांद्यावर डोकं टाकून डुलक्या घेत होते, असं माय सांगायची. दुसऱ्या वेळी मी विशीच्या पुढं गेले होते आणि तोंडाळ म्हणून चार गावांत माझं नाव झालं होतं. निजामाचं राज्य अजून होतं. साखऱ्याच्या बाजूचं आमचं गाव कोरडवाहू. जवारी, तूर आणि जमलं तर कापूस.

मी उलट बोलते, हा सासरच्यांचा माझ्यावर आरोप होता, आणि तो खरा होता. पण कारण तेवढंच नव्हतं. माझ्या पहिल्या नवऱ्याला त्याच्या मामाची पोरगी हवी होती. माणूस वाईट नव्हता, नुसता लेचापेचा होता. त्याला आईला नाही म्हणता आलं नाही, मला हो म्हणता आलं नाही आणि मामाच्या पोरीला विसरता आलं नाही. शेवटी दोन्हीकडच्या पंचांनी पारावर बसून काडीमोड करायचं ठरवलं. नवऱ्यानं सगळ्यांसमोर एक काडी मोडायची, की दोघं मोकळे.

काडी आणायला कुणाला तरी पिटाळलं होतं. त्यानं नेमकी ओली आणली. नवरा ती वाकवतोय, पिळतोय, काडी काही तुटेना. पंच माना खाली घालून बसलेले. मला राहवेना. मी म्हटलं, "आणा इकडं," आणि त्याच्या हातातनं काडी घेऊन दाताखाली धरली आणि तोडून त्याच्यापुढं टाकली. पारावर गलका झाला. बाईनं मोडायची नसते म्हणे. एक म्हातारे पंच हसू दाबत म्हणाले, "मोडली ना? मंग झालं. आता जोडून पुन्हा त्याच्याकडून मोडून घेता काय?"

आबा मला गाडीत घालून घरी घेऊन आले. वाटेत एकच बोलले, "दात बराबर हायत ना?"

माझे वडील तसेच होते. कशाचाच फार बाऊ करायचे नाहीत. माय मात्र काळजीचं दुकान. ती आधी रडली, मग नवस बोलली आणि मग माझ्यासाठी स्थळं पाहायला लागली. तेव्हा मला कळलं की काडी मोडणं सोपं होतं. आमच्याकडं काडीमोड झालेल्या बाईला दुसरं घर करता येतं, त्याला पाट लावणं म्हणतात. करता येतं म्हणजे काय, तर जे कुणी नेत नाही ते तिनं घ्यायचं. एक आले त्यांचे नातू माझ्या वयाचे होते. एकांची पहिली बायको घरी होती आणि तीच मला पाहायला आली होती. बिचारीला कामाला जोडीदारीण हवी होती. एकांनी मला सोडून आमची गाय पाहिली. मी प्रत्येकाला काहीतरी बोलले आणि माय प्रत्येक वेळी डोक्याला हात लावून बसली.

"आता काय राजा येनार हाय काय तुला?" ती विचारायची.

"राजा कशाला? दात असलेला आला तरी बास," मी म्हणायची.

त्या वर्षी फाल्गुनात मायनं मला मावशीकडं धाडून दिलं. मावशीचं गाव वसमतच्या अलीकडं. हिंगोलीहून आगगाडीनं गेले, खिडकीला नाक लावून. तिकडं हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या कोरड्या गावात मी हळद पाहिली ती डब्यात. तिथं ती ढिगानं होती. काढणी झालेली हळकुंडं मोठ्या काहिलीत घालायची, वरनं पाला आणि पोती झाकायची आणि खाली जाळ. बायका माती झाडून हळकुंडं निवडत बसायच्या, त्यांत मीही बसले.

काहिलीवर एक जण होते, मावशीच्या शेजारच्या शेतातले. हळकुंडात काडी टोचून पाहायचे, आरपार गेली की शिजली. त्यांना घाई म्हणून नव्हती. मी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी बोललेच, "रोज तीच हळद, रोज काडी कशाला टोचता?"

"रोजची येगळी असते," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, जाळाकडं बघत, "तुमचं काडीमोड झालं म्हणतेत."

"व्हय. काडी मीच मोडली."

ते इतके हसले की पोत्यावरचा हात चटकला. मला तेव्हाच ते आवडले. माझ्यावर रागावणारे पुष्कळ भेटले होते, हसणारं कुणी भेटलं नव्हतं. हळद वाळून खळ्यावर पिवळी पडेपर्यंत आमचं रोज बोलणं व्हायचं, चारचौघींत, काहिलीच्या धुरात. त्यांचे आई-बाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेलं. धाकट्या बहिणींची लग्नं करता करता त्यांचं स्वतःचं राहून गेलं होतं. मी गावी परतले आणि पंधरवडा झाला नाही तोच त्यांच्या आत्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. धिप्पाड बाई, आवाज पार वेशीपर्यंत.

"आमच्या पोराला तुमची पोरगी पाहिजे," त्या म्हणाल्या. "काहून पाहिजे ते त्यालाच इचारा. मला इतकंच कळतं की पोरगं गुणगुणून राहिलंय."

आमच्या गावाला मात्र हे पचेना. लग्न न झालेला, स्वतःची जमीन असलेला, धडधाकट माणूस पाटाची बायको काहून करतो? नक्की काहीतरी खोट असणार. मामाला तिकडं धाडलं. त्यानं त्यांना चालायला लावलं, पळायला लावलं, दोरीची गाठ सोडायला लावली आणि परत येऊन सांगितलं, "खोट काई न्हाई. जरा कमी बोलतो." आबा म्हणाले, "मग जोडी जमली."

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पंचांनी सांगितलं, नवरा बिनलग्नाचा आहे, त्याचं पहिलं लग्न पाटाच्या बाईशी होत नसतं. आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, हळद लावून, वाजतगाजत. मग ती रुई उपटून टाकायची. म्हणजे त्याची पहिली बायको झाली आणि वारली. मग त्यानं माझ्याशी पाट लावायचा. वसमतकडचे लोक हे करतील न करतील, म्हणून रुईचं लग्न आमच्याच गावात, पंचांच्या डोळ्यांदेखत व्हायचं होतं. ओढ्याच्या काठाला रुई होतीच.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मग सगळा बेत नीट ऐकला आणि माझं डोकं फिरलं. रुईच्या लग्नाला पाच सवाष्णी, हलगी, गाणी, दिवसाउजेडी. ते आटोपलं की सवाष्णींनी गाड्या जुंपून वाटेला लागायचं. मग अंधार पडला की माझा पाट. तोही गुपचूप, दोन-चार पुरुष आणि एखादी विधवा एवढ्यांत. मला हळद नाही, वाजंत्री नाही. कारण पाट लागताना सवाष्णीनं पाहिलं तर तिचा नवरा जातो, असं आमच्याकडं पक्कं मानलेलं. म्हणजे झुडपाला हळद आणि मला अंधार.

तेही मी सोसलं असतं. पण माय सवाष्ण होती. मायला येता येणार नव्हतं.

"मी त्या दिशी शेतातल्या आखाड्यावर जाऊन राहते, गुरांच्या गोठ्यात," मायनं सांगितलं. "सकाळी तू गेली की येते."

"पहिल्या लग्नात मी झोपेत व्हते," मी म्हटलं. "हे मपलं लगन मी जागेपणी करून राहिले. तू समोर पाहिजे. न्हाई तं मला करायचंच न्हाई."

ती भांडली नाही, हेच वाईट होतं. तिनं मला जवळ बसवून सांगितलं, की तिच्या मावशीनं एकदा दाराच्या फटीतनं पाट पाहिला होता आणि महिन्याच्या आत काकांना पान लागलं, म्हणजे साप चावला. तेव्हा माय लहान होती, पण मावशीच्या बांगड्या फोडल्याचा आवाज तिनं ऐकला होता. "मला तुपले आबा पाहिजेत गं," ती म्हणाली. पण माझा राग गेला नाही. मायनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं की माझं लग्न झालं, तरच ते झालं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. बाकी हळद-बिळद गेली खड्ड्यात.

वैशाखातला तो दिवस उजाडला. वसमतची मंडळी आदल्या दिवशीच येऊन मारुतीच्या देवळात उतरली होती. आबा सकाळपासून पंचांबरोबर तिकडंच. माय मागच्या खोलीत आखाड्यावर न्यायची भाकरी बांधत होती, एकच फडकं सोडत होती आणि परत बांधत होती. मी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते, रुईवर टाकायच्या अक्षतांचे. सवतीच्या अक्षता मीच निवडाव्यात, हेही माझ्याच नशिबी.

तिकडं देवळात त्यांना हळद लावून झाली. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला न्यायची असते. इथं नवरी रुई, म्हणून ती हळद घेऊन आत्या धरून पाच सवाष्णी ओढ्याकडं निघाल्या. वाट त्यांना ठाऊक नव्हती. पुढं आमच्या गावचा हलगीवाला होता. त्याचं सारं आयुष्य देवळातनं उष्टी हळद घेऊन नवरीच्या घरी वाजवत जाण्यात गेलेलं. त्यानं हलगीवर टिपरू टाकलं आणि त्याचे पाय सवयीनं जिकडं वळायचे तिकडंच वळले. बायका गाणं म्हणत त्याच्या मागं.

हलगी ऐकली आणि मायनं आतनं कडी लावली. वरात घरावरनं ओढ्याकडं चाललीय, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी मुद्दाम मान वर केली नाही. मान वर केली तेव्हा हलगी अंगणात होती आणि आत्या ओसरीच्या पायरीवर. त्या गाण्यात इतक्या रंगलेल्या की नवरीच्या घरी आलो म्हणजे नवरीला हळद लावायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांनी पहिला हात माझ्या गालावर ओढला. मागनं चौघींनी कपाळ, हात, पाय, मान, काहीच सोडलं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात हळद.

गाणं मध्येच थांबलं. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या वाटीकडं पाहिलं. वाटी खडखडीत रिकामी.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "रुई कुटं हाय?"

मग जो गोंधळ झाला तसा आमच्या गावात आधी झाला नव्हता. पाच सवाष्णींनी पाटाच्या नवरीला नुसतं पाहिलं नव्हतं, हळद लावली होती. त्यांतल्या दोघी रडायलाच लागल्या. एकीनं देवळाकडं धूम ठोकली, नवरा आहे का पाहायला. तिला वाटेतच तो भेटला, विडी ओढत. देवळातनं सगळे पुरुष आमच्या अंगणात आले आणि त्या पाचही नवऱ्यांना पंचांनी एका रांगेत उभं केलं. त्यांतल्या एकाला दम्याची जुनी खोड होती. तो खोकायला लागला की अख्खं अंगण गप्प व्हायचं आणि त्याची बायको पदर तोंडात कोंबायची. तो खोकून खोकून मोकळा झाला आणि म्हणाला, "असं टकमक काय बघून राहिले माझ्याकडं? पानी द्या."

ते म्हातारे पंच खाली बसले. "उष्टी हळद एकाच नवरीला लागती," ते म्हणाले. "लागली ती निघत न्हाई. हळद लागलेली पोरगी रातीपर्यंत तशीच ठिवता येत न्हाई. आन दमेकरी जिता हाय." ते नवरदेवाकडं वळले. "तुमचं काय म्हणणं?"

ते आमच्या कुडापाशी उभे होते, तोंड पिवळंधमक. "हळद जिथं जायची तिथं गेली," ते म्हणाले. एवढंच.

तेव्हा ठरलं. रुईवर जाऊन चार कोरड्या अक्षता टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. आणि माझं लग्न आत्ता, इथं, उन्हात लावायचं. मी आनंदानं उडी मारायची तेवढी राहिले. आणि मग मला मागच्या खोलीचं बंद दार दिसलं.

आबा दारापाशी गेले. "ऐकलं ना समदं?"

"ऐकलं," आतनं माय.

"भाईर ये."

"न्हाई."

"तुला भ्या कायचं? मी मरन म्हणून ना? मग मरायचं तं मला हाय. मला चालून राहिलं. तू काहून अडून बसली?"

अंगणातले लोक हसले. मग आतनं मायचा आवाज आला, अगदी बारीक. "तुमाला चालंल. मला न्हाई चालत."

कुणी हसलं नाही. आबांनी दारावर ठेवलेला हात तसाच राहिला, आणि त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. तिथं मला लाज अशी वाटली नाही, पण कळलं. माझ्या लग्नाच्या हट्टापायी हिला किती भीती पोटात घेऊन उभं राहावं लागणार, ते कळलं. मी दाराशी गेले आणि म्हटलं, "माय, नको येऊ तू. ऱ्हाऊ दे. तू म्हणती तसं करते मी, अंधार पडल्यावर. जा तू आखाड्यावर."

कडी वाजली. दार उघडून माय धाडकन बाहेर आली आणि तिनं सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप हाय काय हिला?" ती आबांना विचारायला लागली. "आजवर कदी नमतं बोलली न्हाई ही. म्हणती, तू म्हणती तसं करते! पोरीची तब्येत बराबर न्हाई, आन तुमी नुसते उभे—"

तिचा हात पिवळा झाला होता. तो तिनं पाहिला, मग मला पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. आबा जागच्या जागी ताठ उभे राहिले, हसू आवरत, मुद्दाम छाती काढून.

"नाकाला कुणीच लावली न्हाई," माय म्हणाली. आणि कपाळावरची हळद अंगठ्यानं ओढून तिनं माझ्या नाकाला लावली.

लग्न लागलं. आत्यांनी वेशीपर्यंत ऐकू जाईल असं गाणं म्हटलं. माय अगदी पुढं बसली होती, पण तिनं माझ्याकडं कमी आणि आबांकडंच जास्त पाहिलं. मध्येच आबांना ठसका लागला, तेव्हा अक्षतांसाठी वर गेलेले हात तसेच थांबले. आबांनी घसा साफ करून हात जोडले, "चालू द्या, चालू द्या, सुपारी अडकली व्हती." माय म्हणाली, "थुका ती आधी." त्यांनी थुकली, मग अक्षता पडल्या. समोर ते हसत होते, काहिलीपाशी हसले होते तसेच. मी मोठ्यानं हसले. नवरीनं हसू नये म्हणतात.

सकाळी गाड्या जुंपल्या. माय माझी ओटी भरायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"रातभर झोपले न्हाई," ती हळूच म्हणाली. "तुपल्या आबापाशी कान लावून व्हते."

"मग?"

"घोरून राहिले व्हते. पाटीलवाड्यापर्यंत ऐकू गेलं असंल." तिनं माझ्या पदरात नारळ ठेवला आणि पदराची गाठ गच्च मारली. मग गाडीभोवती जमलेल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा आता. मी पाहिलं तुपलं लगन. मपल्या डोळ्यानं पाहिलं."

आबा पुढं पुष्कळ वर्षं जगले. आणि जगले तोवर माय हे सांगत राहिली, विहिरीवर, बाजारात, सोयऱ्यांत, कुणी विचारो न विचारो: माझ्या लेकीचं लगन लागलं तेव्हा मी तिथं होते.